लेक घानाला निघालीय, पाठवू का?

पत्र:

“ताई, माझी मुलगी सत्तावीस वर्षांची, सिव्हिल इंजिनिअर आहे. पुण्याच्या एका कंपनीत पाणीपुरवठ्याच्या प्रकल्पांवर काम करते. तिला जानेवारीपासून आठ महिने घानाला जायची संधी आलीय. दोन आठवडे राजधानी अक्रात, मग तामाले नावाच्या शहरात मुक्काम आणि तिथून ‘उत्तर विभागातील साइट्स’वर जाऊन-येऊन काम, असं कंपनीच्या पत्रात लिहिलंय. तिचे पाय जमिनीवर नाहीत आणि माझी झोप उडालीय. जुलै २०२५ मध्ये मालीतल्या सिमेंट कारखान्यातून तीन भारतीयांना पळवून नेलं, ती बातमी धाकट्या दिरांनी घरच्या ग्रुपवर पुन्हा टाकली आणि खाली लिहिलं, ‘आफ्रिकेत पोरीला पाठवणाऱ्यांना काय म्हणावं?’ मिस्टर म्हणतात, जाऊ दे, जग बघू दे. मोबाइलवर शोधलं तर एक जण सांगतो घाना अगदी शांत देश, दुसरा सांगतो उत्तरेत पाऊल टाकू नका. तुम्ही तिकडे राहिलेल्या आहात. पाठवू का नको, एवढंच सांगा.”
– एक आई, कराड

ताई,

आधी उत्तर देते, कारण तुम्ही झोपलेल्या नाही आहात. अक्राला जाऊ द्या. तामालेलाही जाऊ द्या. उत्तरेतल्या बावकूला कुठल्याही कारणाने जाऊ देऊ नका. आणि ‘उत्तर विभागातील साइट्स’ एवढ्या मोघम शब्दांवर तिला सही करू देऊ नका. त्या साइट्सची गावं कुठली, हे कंपनीने लिहून दिल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर कुणालाच देता येणार नाही. मलाही नाही आणि तुमच्या दिरांनाही नाही.

दिरांची काळजी खोटी नाही. १ जुलै २०२५ रोजी मालीच्या पश्चिम टोकाला, कायेस इथल्या कारखान्यात हल्लेखोर शिरले आणि आपल्या तीन माणसांना घेऊन गेले. त्या घरांवर काय बेतलं असेल, याचा विचार केला तरी पोटात तुटतं. पण कायेसपासून अक्रा सरळ रेषेत साधारण दीड हजार किलोमीटर आहे. मुंबईहून अमृतसर जेवढं लांब, त्याहूनही जास्त. अमृतसरकडे काही घडलं म्हणून कराडची एसटी कुणी रद्द करत नाही. ‘आफ्रिका’ या एका शब्दात पन्नासहून अधिक देश बसतात, आणि घाना हा एक देश म्हटला तरी त्याच्या दक्षिणेची आणि उत्तरेची गोष्ट वेगळी आहे. म्हणून नकाशा उघडून बसा. शक्यतो लेकीबरोबरच बसा.

खाली अटलांटिक समुद्र, त्याला लागून अक्रा आणि तेमा बंदर. मधे कुमासी. तिथून वर जाणारा मोठा रस्ता किंटांपोवरून तामालेला येतो, पुढे वालेवाले, बोल्गाटांगा आणि शेवटी पागा. पागाच्या पलीकडे बुर्किना फासो. तिथं आज मोठ्या भागावर सरकारचा ताबा नाही, अल-कायदाशी जोडलेल्या जेएनआयएम या संघटनेची माणसं फिरतात. ती आग खाली सरकते आहे हेही खरं. शेजारच्या टोगोच्या आणि बेनिनच्या उत्तर टोकांना तिची झळ लागली आहे. एप्रिल २०२५ मध्ये बेनिनच्या उत्तरेत एका हल्ल्यात ५४ सैनिक मारले गेले. घानात असा मोठा हल्ला झालेला नाही. पण सरहद्द म्हणजे भिंत नव्हे. पलीकडची आणि अलीकडची गावं नात्यागोत्यात आहेत, बाजार एक आहेत, गुरं इकडून तिकडे चरतात. त्यामुळे बोल्गाटांगाच्या वर, सरहद्दीच्या पट्ट्यात साइट असेल तर मी नाही म्हणेन.

आता बावकू. हे नाव नीट लक्षात ठेवा, कारण घानाच्या उत्तरेत धोका म्हणतात तो बहुतेक वेळा जिहादींचा नसतो, घरच्या भांडणाचा असतो. बावकू देशाच्या ईशान्य कोपऱ्यात आहे. तिथली गादी कुसासी जमातीची की मांप्रुसी जमातीची, हा वाद देश १९५७ साली स्वतंत्र झाला तेव्हापासून धुमसतोय. (दक्षिणेत राजाच्या आसनाला ‘स्टूल’ म्हणतात, उत्तरेत ‘स्किन’, कारण तिथं राजा जनावराच्या कातड्यावर बसतो.) नोव्हेंबर २०२१ पासून हा वाद पुन्हा पेटला. बंदुका, संचारबंदी, लष्कर, सगळं झालं. सरकारने कुमासीकडच्या अशांती लोकांचे राजे ओतुम्फुओ ओसेइ तुतू दुसरे यांना मध्यस्थीला बसवलं, इतकी ती गाठ अवघड आहे. आणि वाद बावकूपुरता राहिलेला नाही. दोन्ही बाजूंचे लोक आसपासच्या गावांत आहेत, त्यामुळे २०२४ च्या ऑक्टोबरात त्याची धग वालेवालेपर्यंत आली, रस्त्यावर वाहनांवर हल्ले झाले. वालेवाले तामाले-बोल्गाटांगा रस्त्यावरच आहे. लेकीची साइट बोल्गाटांगाच्या बाजूला निघाली तर तिला याच रस्त्याने जावं लागणार.

या भांडणात परदेशी माणूस कुणाचा शत्रू नसतो, हा दिलासा आहे. पण अडवलेल्या गाडीत आपण असलो तर गोळी ओळख विचारत नाही.

असे वाद मिटतातही, हेही सांगायला हवं. तामालेचा मुलूख म्हणजे दागबोन. मार्च २००२ मध्ये येंदी गावात तिथले राजे (त्यांना ‘या-ना’ म्हणतात) याकुबू अंदानी दुसरे यांची हत्या झाली, त्यांच्याबरोबर अनेक माणसं मारली गेली. पुढे सतरा वर्षं गादी नीट भरता आली नाही. अशांती राजांच्याच पुढाकाराने तोडगा निघाला आणि जानेवारी २०१९ मध्ये नवे या-ना गादीवर आले. तेव्हापासून येंदी-तामालेच्या बाजूला वातावरण निवळलं. याउलट सवाना विभागातलं गबिनियिरी हे गाव घ्या. त्याचं नाव बाहेर कुणी ऐकलेलं नव्हतं, पण ऑगस्ट २०२५ मध्ये एका जमिनीच्या वादातून तिथं अशी हाणामारी पेटली की हजारो लोक गावं सोडून पळाले. म्हणून ‘मागच्या वर्षी शांत होतं’ हा हिशेब पुरत नाही. त्या आठवड्यात काय चाललंय, ते तिथं राहणाऱ्या माणसाकडूनच कळतं.

तुम्ही मोबाइलवर जे वाचलं त्यातला कुठलाही माणूस खोटं बोलत नसावा. पहिला अक्राबद्दल बोलत असेल, दुसरा बावकूबद्दल. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांची परराष्ट्र खाती आपल्या नागरिकांसाठी प्रवासाच्या सूचना काढतात, त्या कुणालाही वाचता येतात. त्या थोड्या जास्तच भिववतात असं माझं मत आहे, पण त्यांचा एक मोठा उपयोग असतो: त्या देशावर एकच शिक्का मारत नाहीत, भाग पाडून सांगतात. दोन-तीन देशांच्या सूचना शेजारी ठेवा. तिन्हींत एकाच भागाचं नाव आलं तर तो भाग सोडायचा. आणि सूचनेवरची तारीख बघा. सहा महिन्यांपूर्वीच्या सूचनेवर विसंबू नका.

लेकीने कंपनीला एक ईमेल लिहायचा आहे. तो तिने लिहावा, तुम्ही नाही, कारण साइटवर उभं राहून ‘नाही’ म्हणायची वेळ तिच्यावर येणार आहे. साइट्सची गावं कुठली? तिथं जायचा रस्ता कुठला? गाडी कुणाची, चालक कोण? अंधार पडायच्या आत परत यायचा नियम आहे का, आणि उशीर झाला तर मुक्काम कुठे? ‘आज जाऊ नका’ हे सांगायचा अधिकार कुणाला आहे, तामालेतल्या स्थानिक माणसाला की पुण्यात बसलेल्या साहेबाला? आरोग्य विम्यात आजारी माणसाला विमानाने हलवण्याचा खर्च धरलाय का? तिने एखादी साइट नाकारली तर नोकरीवर परिणाम होईल का? या प्रश्नांची कंपनी किती सरळ उत्तरं देते, त्यावरून तुम्हाला देशापेक्षा कंपनीबद्दल जास्त कळेल. आखाती देशांत कामगार पाठवताना आपल्या सरकारची जी एमिग्रेशन (देशाबाहेर जातानाची) तपासणी लागते, त्या देशांच्या यादीत घाना नाही. म्हणजे तो करारनामा तुमच्या घराशिवाय दुसरं कुणी तपासणार नाही.

भारतीय कंपनीचं घानातलं काम म्हणजे काही आडवाटेचं धाडस नव्हे, हेही दिरांना सांगा. अक्रातलं राष्ट्राध्यक्षांचं ज्युबिली हाउस मुंबईच्या शापूरजी पालनजींनी बांधलं. तेमा-म्पाकादान रेल्वेमार्ग अफकॉन्सने. आपली माणसं तिथं पिढ्यान् पिढ्या दुकानं चालवताहेत.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय, ते. मी तेमात नऊ वर्षं काढली. त्या नऊ वर्षांत बंदुकीने कुणी गेल्याचं आमच्या ओळखीत घडलं नाही. रस्त्याने आणि डासाने मात्र माणसं गेली.

घानात रस्ते अपघातात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, आणि देशाची लोकसंख्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. २०११ च्या डिसेंबरात आम्ही कुमासीहून तामालेला निघालो होतो. गाडी एका कंपनीची. चालक पोरसवदा, पहाटेपासून चाकावर बसलेला, त्याला म्हणे त्याच दिवशी पोचायचंच असं बजावलेलं होतं. किंटांपोच्या पुढे अंधार झाला. रस्त्यावर हिरव्या फांद्या पडलेल्या दिसल्या. आपल्याकडे बंद पडलेल्या गाडीमागे दगड आणि झाडाचा पाला ठेवतात ना, अगदी तसंच तिथंही करतात. मी ‘अरे, पाला!’ म्हणेपर्यंत पुढे लाकडांनी भरलेली लॉरी उभी, दिवा नाही, काही नाही. आमच्या ह्यांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. मदत यायला दोन तास लागले, आणि ते दोन तास मी त्या पोराचा हात धरून बसले होते, कारण तो थरथरत होता आणि पुनःपुन्हा माझीच माफी मागत होता. तेव्हापासून मी सांगते: सूर्य मावळल्यावर शहराबाहेर गाडी नाही. उत्तरेकडच्या रस्त्यांवर रात्रीची लूटमारही होते, ती टळते ते वेगळंच.

अक्रा ते तामाले विमानाने जेमतेम सव्वा तासाचं अंतर आहे. रस्त्याने अख्खा दिवस जातो. कंपनीने विमानाचं तिकीट द्यावं, हे करारातच घालून घ्या. जानेवारीत मात्र हरमतान असतो, म्हणजे सहारातून येणारा धुळीचा वारा. आकाश पिवळट होतं, उड्डाणं रखडतात किंवा रद्द होतात. अशा दिवशी तिने एक दिवस थांबावं, हट्टाने रात्रीची गाडी धरू नये. तिथंही एसटीसी नावाची बस आहे, आपल्या एसटीची बहीणच वाटते मला. ती बरी. ट्रोट्रो म्हणजे वडापची व्हॅन, ती शहरातल्या शहरात ठीक. तामालेत सगळं गाव मोटारसायकलवर असतं, बायकाही बिनधास्त स्कूटर चालवतात. तिला मोह होईल. हेल्मेट इथूनच चांगलं घेऊन द्या.

डासाचं ऐका. तिकडचा मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम जातीचा असतो. उपचाराला उशीर झाला तर काही दिवसांत माणूस हातचा जातो. ‘आपण भारतातले, आपल्याला सवय असते’ ही समजूत साफ चुकीची आहे. प्रतिबंधक गोळ्या असतात, डॉक्सिसायक्लिन किंवा अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल. कुठली आणि कशी, ते डॉक्टर ठरवतील, पण परत आल्यावरही काही दिवस त्या घ्यायच्या असतात आणि तिथंच सगळे चुकतात. आम्हीही चुकलो. सुट्टीला पुण्यात आलो, दहाव्या दिवशी ह्यांना ताप. इथल्या रुग्णालयात डेंगू समजून दोन दिवस सलाईन चढवत राहिले. आम्ही कुठून आलो हे त्यांनी विचारलं नाही आणि धावपळीत मीही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सहज बोलता बोलता घानाचं नाव निघालं, रक्त तपासलं, फाल्सिपेरम. तोवर मूत्रपिंडावर परिणाम झाला होता. वाचले, पण ते दोन दिवस मी स्वतःला अजून माफ केलेले नाहीत. तुमची लेक परतल्यावर वर्षभर तिला कधीही ताप आला की तुमच्या तोंडून पहिला शब्द ‘घाना’ निघायला हवा.

जानेवारी ते एप्रिल हा उत्तरेत मेंदूज्वराचाही काळ असतो. मेनिंजायटिसची चार प्रकारांवरची लस मिळते, ती घ्यावी. मार्च-एप्रिलमध्ये तामालेत पारा चाळिशीला टेकतो, आपल्या विदर्भासारखा. पाइप टाकायला चर खणतात तिथं फुरशाच्या जातीचे साप निघतात. उंच बूट हवेत, शोभेचे नव्हेत. आणि तिचा मुक्काम ऑगस्टपर्यंत आहे म्हणून सांगते: त्या सुमाराला बुर्किनातल्या बाग्रे धरणातून पाणी सोडतात आणि व्हाइट व्होल्टा नदीच्या काठची गावं पाण्याखाली जातात. कृष्णेकाठच्या माणसाला यापुढे सांगायची गरज नाही.

अक्रातला समुद्र बघायला जावं, त्यात उतरू नये. वरून शांत दिसतो आणि आत ओढून नेतो. कुणी स्वस्तात सोनं देतो म्हणालं तर तिथून उठून यावं. लष्करी छापाचे कपडे तिथं नागरिकांनी घालायला बंदी आहे, तशी पँट बॅगेत असेल तर काढून ठेवा. विमानतळ, छावण्या, ज्युबिली हाउस यांचे फोटो काढू नयेत.

एकटी मुलगी म्हणून विचाराल तर: दिवसा अक्रात किंवा तामालेत फिरताना मला आपल्याकडच्या कित्येक शहरांपेक्षा मोकळं वाटलं. लग्नाची मागणी रस्त्यात कुणीही घालतो, हसून ‘नाही’ म्हटलं की बहुतेक वेळा विषय संपतो. तामाले मुस्लिमबहुल आहे, अंगभर कपडे बरे. संध्याकाळनंतर मात्र पायी नको, आणि ॲपवरची गाडी फाटकाबाहेर अंधारात उतरवत असेल तर आत नेऊनच उतरायचं. जून २०१९ मध्ये कुमासीत दोन कॅनेडियन तरुणींना संध्याकाळी गाडीतून उतरतानाच पळवलं होतं. आठवड्याभराने त्या सुखरूप सुटल्या, पण ती वेळ आणि ती जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे.

एक गोष्ट कुठल्याच सूचनापत्रात नसते. तिथं आपल्या काही लोकांची वागणूक वाईट आहे. नोकराला, चालकाला ‘काळ्या’ म्हणून हाका मारतात, मराठी-हिंदीत बोललो की त्यांना कळत नाही असं समजतात. त्यांना कळतं. २०१६ मध्ये घाना विद्यापीठात गांधीजींचा पुतळा बसवला होता, तो डिसेंबर २०१८ मध्ये हलवावा लागला. आफ्रिकी लोकांबद्दल त्यांनी तरुणपणी लिहिलेल्या शब्दांवरून तिथल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी आक्षेप घेतला होता. शंभर वर्षांपूर्वीचे शब्द जिथं विसरले जात नाहीत तिथं आजचे कसे विसरतील? ‘मॅडम, आज वालेवालेला नको’ हे तुमच्या लेकीला सकाळी सात वाजता सांगणारा माणूस तिचा चालक असणार आहे. तो ते सांगेल की नाही, हे ती त्याच्याशी कशी वागते त्यावर आहे. तामालेत दागबानी बोलतात. सकाळी ‘दासिबा’ म्हणायचं, समोरून ‘नाऽ’ असं उत्तर येतं. घाईत असलो तरी हे आधी, काम नंतर. आणि काहीही देताना उजवा हात, हे तुम्ही तिला लहानपणीच शिकवलेलं असणार. तिथंही तेच आहे.

आणीबाणीत ११२ हा क्रमांक चालतो. अक्रात आपलं उच्चायुक्तालय आहे, पोचल्याच्या आठवड्यात तिथं नाव-पत्ता नोंदवायला सांगा. तुमच्याकडे तीन फोन नंबर असू द्या: तिच्या घरमालकाचा, चालकाचा आणि कंपनीच्या तामालेतल्या माणसाचा. तिने साइटवर निघताना आणि परतल्यावर एक-एक मेसेज करावा, एवढंच मागा. दिवसाला दहा फोन करू नका, नाहीतर ती खरी अडचण तुमच्यापासून लपवायला शिकेल.

पिवळ्या तापाची लस मात्र आजच ठरवा. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, मुंबईत विमानतळ आरोग्य कार्यालयाचं केंद्र आहे, आणि तारीख आधी घ्यावी लागते. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी टोचलेली हवी, एकदा घेतली की जन्मभर चालते. लस घेतल्याचं ते पिवळं कार्ड घानात उतरताना बघतात आणि आपल्याकडे परत येताना त्याहून काटेकोरपणे बघतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. कार्डावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, ते केंद्रातून बाहेर पडायच्या आत तपासा. कंपनीचं उत्तर आलं की साइट्सच्या गावांची नावं मला कळवा, मी एकेक बघून सांगते.